‘इतर’मध्ये ठेवलेला डोंगर

“मेलं परत अडकलं.”

इंदू वैनी माझ्या कानाशीच पुटपुटल्या. आम्हा दोघींचे खांदे माजघराच्या दाराला लागले होते आणि त्यांच्या केसांतल्या माक्याच्या तेलाचा वास थेट माझ्या नाकात जात होता.

“पावसानं फुगलंय,” मी म्हटलं.

“हो गो. पावसानंच.”

डिसेंबर चालू होता. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते. अंगणातला पेंढा इतका वाळला होता की कोंबडी चालली तरी करकर वाजायचा, आणि ती करकर आम्हा दोघींनाही ऐकू येत होती. आम्ही आणखी एक धक्का दिला. दार उघडलं. विषय मिटला.

“दाजी मेस्त्रीला निरोप धाड. दसऱ्यापासून तिसऱ्यांदा तासायचंय हे. रविवारी मुलीकडची माणसं घर बघायला यायची, आणि घराचं दारच उघडेना तर काय तोंड दाखवू मी?”

“अशानं चौकटीत दाराऐवजी फळी उरेल, वैनी.”

“उरू दे. लग्न लागेपर्यंत टिकली म्हणजे झालं.”

इंदू वैनी माझी थोरली जाऊ. थोरले दीर जाऊन बारा वर्षं झाली. माझे यजमान ट्रॉलरवर, महिन्यातून चार दिवस घरी. बाकी घरात आम्ही दोघी आणि वैनींचा निखिल. निखिल बत्तीस वर्षांचा, तालुक्याला विजेच्या गाड्यांचं गॅरेज चालवतो, सुपारी खात नाही, आणि तरी त्याची तीन लग्नं ठरता ठरता मोडली होती. का मोडली ते सांगायचं तर आधी माझ्या नोकरीचं सांगायला हवं.

मी तालुक्याच्या आपत्ती कक्षाचं संकेतस्थळ सांभाळते. सांभाळते म्हणजे काय, तर फायली एका विभागातून उचलून दुसऱ्या विभागात ठेवते. दहावी झालेली, सेतूच्या खिडकीत दाखले टाइप करता करता संगणक शिकलेली बाई मी. मलाही वाटायचं की झाडलोट करण्यापलीकडचं हे काम नाही. उचल, ठेव, जतन कर.

आमची निरगुडवाडी म्हणजे डोंगराच्या मांडीवर बसवलेली बावन्न घरं. पाच वर्षांपूर्वी सरकारने त्या डोंगरात काचेची तार पुरली. केसासारखी बारीक, दोन किलोमीटर लांब. तिच्या एका टोकातून प्रकाशाचे ठोके सोडतात, सेकंदाला हजारो. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात कण राहतातच. त्या कणांवर आपटून थोडासा प्रकाश मागे येतो. जमीन कुठे एका केसाच्या जाडीइतकी जरी सरकली, तरी तिथे तार ताणली जाते आणि मागे येणारा प्रकाश बदलतो. म्हणजे तारेची प्रत्येक वीत हा एकेक कान. तिला बैल चाललेला कळतो, ट्रॅक्टर कळतो, मातीखाली पाणी झिरपलेलं कळतं. गावाने तिचं नाव ठेवलं कानतार.

आता इतकं सगळं ऐकू येणाऱ्याची पंचाईत ही की त्यातलं महत्त्वाचं कोणतं ते त्याला कुणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी एक यंत्र. ते रोज सकाळी सहाला रात्रंदिवसाच्या आवाजांचा अहवाल बनवतं आणि ती फाइल संकेतस्थळाच्या डाउनलोडच्या पानावर त्याला योग्य वाटेल त्या विभागात ठेवतं: ‘नोंद’, ‘सूचना’ किंवा ‘स्थलांतर’. पटलं नाही तर माणसाने ती हलवायची. तो माणूस म्हणजे मी.

गंमत अशी की ती फाइल उघडून कुणीच वाचत नाही. एसटीचा डेपो, शाळा, वीज, घरोघरचे फोन, सगळ्यांची यंत्रं फाइल कुठल्या विभागात आहे तेवढंच बघतात. ‘सूचना’मध्ये असली की शाळा बंद आणि एसटी खालच्या फाट्यावरूनच परत. ‘स्थलांतर’मध्ये गेली की तासाभरात बसगाड्यांची रांग दारात. घरातल्या फोटोसारखं आहे ते. फोटो तोच असतो, पण त्याला हार घातला की येणारा माणूस चपला काढतानाच आवाज खाली घेतो.

तीन वर्षांपूर्वी असाच हार घातला गेला. यंत्राने फाइल ‘स्थलांतर’मध्ये ठेवली, अख्खं गाव उठलं, नऊ दिवस तालुक्याच्या शाळेच्या हॉलमध्ये झोपलं. डोंगर नऊ दिवस ढिम्म. परत आलो तेव्हा घवाळींची गाभण म्हैस गेली होती आणि गावाचं नाव पडलं होतं: उठवळ गाव. त्याचं पुढे काय होतं ते मला निखिलच्या पहिल्या स्थळाच्या वेळी कळलं. मुलीच्या मामाने चहा पिता पिता फोन पुढे केला. आमच्याच संकेतस्थळाचं पान. “तुमचं गाव महिन्यातून चारदा ‘सूचना’त दिसतंय हो. भाचीला काय बोचकं बांधूनच नांदवायची?” चहा तिथेच निवला.

त्या दिवसानंतर वैनी त्याबद्दल मला एक शब्द बोलल्या नाहीत. नुसतं जेवताना ताट जोरात ठेवायच्या.

आता ‘इतर’चं सांगते. आमच्या कार्यालयात कागदांच्या काळापासून एक लोखंडी कपाट आहे, त्यावर लिहिलंय: इतर. ज्या अर्जाला उत्तर देता येत नाही पण जो फेकताही येत नाही तो त्यात जायचा. तोंडावर नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. माणसाला ‘बघू’ म्हणतात, कागदाला ‘इतर’ म्हणतात. संकेतस्थळ झालं तेव्हा त्यातही तो विभाग आपोआप आला, जुन्या घरातलं जातं नव्या घरात येतं तसा. त्याच्याकडे कुठलंही यंत्र बघत नाही. आमच्या रेठरेकर साहेबांनीच मला शिकवलं होतं, “पाष्टेबाई, शंका आली की इतर. खोटंही नाही आणि बोंबही नाही.”

मला ते फार आवडलं होतं. ‘सूचना’तली फाइल ‘नोंद’मध्ये टाकायची म्हणजे धोका नाही असं म्हणणं, ते माझ्याने झालं नसतं. ‘इतर’मध्ये टाकायची म्हणजे काहीच न म्हणणं. मुलीकडची माणसं यायची असली, शाळेची परीक्षा असली, कुणाचं बारसं असलं, की मी एखादी फाइल अलगद उचलून ‘इतर’मध्ये ठेवायची. तीन वर्षांत एक्केचाळीस. प्रत्येक वेळी डोंगर शांत राहिला, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, बघ, काही बिघडलं का?

सोमवारी सकाळी हवामान खात्याचा निरोप आला. समुद्रात वादळ उठलंय, गुरुवारपासून दोन दिवस मुसळधार. मी कानतारेची फाइल उघडली. ‘नोंद’ विभागात होती. हालचाल: शून्य.

आदल्या दिवशीची: शून्य. दिवाळीपर्यंत मागे गेले: शून्य, शून्य, शून्य.

मी संगणकात हुशार नाही, पण घर सांभाळलेलं आहे. चार पोरांच्या घरात एकदम शांतता झाली तर आई आधी स्वयंपाकघरात धावते. डोंगर कधी शून्य नसतो. उन्हाने मातीला भेगा पडतात, मुळं वाढतात. शून्य कसं?

मग मी ‘इतर’ उघडलं. माझ्या एक्केचाळीस फायलींनंतर तिथे आणखी त्रेचाळीस होत्या. दिवाळीपासून रोज एक, सकाळी सहाला. त्या मी ठेवलेल्या नव्हत्या.

शहरातल्या मदत-क्रमांकावर एक शांत आवाजाची इंजिनिअर मिळाली. तिने तिकडे बघितलं आणि म्हणाली, “मॅडम, हे बरोबर चाललंय. यंत्र शिकलंय.”

“काय शिकलंय?”

“तुमच्याकडून. माणूस फाइल हलवतो ना, ते यंत्रासाठी मास्तरांनी तपासलेलं उत्तर असतं. तुम्ही ‘नोंद’मध्ये हलवली असतीत तर ते शिकलं असतं की डोंगराची हालचाल आहे पण लहान आहे. तुम्ही ‘इतर’मध्ये हलवलीत. म्हणजे हा आवाज डोंगराचा नाहीच. जसा बैल, जसा ट्रॅक्टर. आता तसला आवाज आला की ते तो आधी वेगळा काढतं, ‘इतर’मध्ये ठेवतं, आणि उरलेल्याचा अहवाल करतं.”

“आणि उरलेलं शून्य.”

“हो.” मग तिने विचारलं, “मॅडम, त्या आवाजात होतं काय?”

मी फायली एकेक करून उघडल्या. गावाच्या वरच्या आळीच्या माथ्यावर, तारेच्या शंभरएक हातांच्या पट्ट्यात, दिवाळीला आठवड्याला दोन मिलिमीटर. मग चार. मग नऊ. गेल्या आठवड्यात सव्वीस. आणि सगळं न चुकता, नीटनेटकं, माझ्याच पद्धतीने बाजूला ठेवलेलं.

ते मी तिला वाचून दाखवलं आणि फोन ठेवला. मग उठले आणि त्या लोखंडी कपाटाला वळसा घालून साहेबांच्या खोलीत गेले.

“हलवते मी, साहेब. आजची फाइल ‘स्थलांतर’मध्ये.”

रेठरेकर साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “वर हलवायला साक्ष लागते, बाई. त्या नऊ दिवसांनंतर आलेला नियम. यंत्र शून्य म्हणतंय आणि आपण स्थलांतर म्हणतोय, तर गावातल्या एका माणसाने प्रत्यक्ष पाहिलेलं आपल्या आवाजात, नाव घेऊन सांगायचं. त्याशिवाय फाइल हलणारच नाही.”

“मी गावचीच आहे.”

“हलवणारा आणि साक्ष देणारा एक चालत नाही.” ते खिडकीबाहेर बघत होते. “आणि मी सही केली आणि परत नऊ दिवस काही झालं नाही, तर…”

“आणि झालं तर?”

त्यांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाले, “उद्या कार्यालयाची गाडी घेऊन जा. साक्ष आणा. मी इथेच बसतो.”

मंगळवारी दुपारी आमच्या पडवीत तीसेक माणसं जमली. मी गाडीतून उतरून घरोघर सांगत गेले होते. दाजी मेस्त्री आमचं दार तासायला आलेच होते. रंधा मांडीवर घेऊन एका कोपऱ्यात बसले. सत्तरीचे, हाडकुळे, दिवसाला दहा शब्द बोलणारे. वैनी माजघराच्या उंबऱ्यात. चौकटीला त्यांनी कालच, येत्या रविवारसाठी, चकचकीत हिरवा रंग दिला होता.

साक्ष टिपायला मी फोन मध्ये ठेवला आणि म्हटलं, “गुरुवारी पाऊस येतोय. त्याआधी कुणीतरी एकानं सांगायचं, गावात काय काय बदललंय. बस.”

“काय बदललंय?” माजी सरपंच शांताराम घवाळी म्हणाले. “काही नाही बदललं.”

“तुमच्या विहिरीचं पाणी गढूळ येतंय, तात्या.”

“ते खालच्या फार्महाऊसवाल्यानं बोअर मारलीय म्हणून.”

“देवळाची पायरी फुटली.”

“पिंपळाची मुळं.”

“विजेचे खांब कलले.”

“ठेकेदार कोण होता बघ ना,” मागून कुणीतरी म्हणालं आणि पडवी हसली.

शेजारच्या कमळाकाकू म्हणाल्या, “परत त्या शाळेत नेतेस काय गो? माझी कंबर अजून तिथंच राहिलीय, ती आधी आणून दे.” पुन्हा हसणं. आमच्या गावाला हसता फार चांगलं येतं.

मी हसले नाही. म्हटलं, “कानतार ऐकत नाहीये. मी तिला बहिरी केली.”

आणि सगळं सांगितलं. एक्केचाळीस फायली, कुठल्या दिवशी कुणासाठी. कमळाकाकूंच्या नातवाचं बारसं होतं त्यात. तात्यांच्या मुलीची परीक्षा होती. बाकी सगळ्या निखिलच्या.

पडवीत आता पेंढ्यावरची कोंबडी ऐकू येत होती.

“तू हलवल्यास?” वैनींनी विचारलं. “आमच्यासाठी?”

“हो.”

“मी कधी सांगितलं होतं तुला तसं?”

“नाही सांगितलंत, वैनी. पण मी ऐकलं.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ताट नाही, दुसरं काहीतरी येईल अंगावर. तेवढ्यात दाजी मेस्त्री उठले. कुणाला काही न विचारता त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला, टोकाला लोळी, म्हणजे पितळी वजन, बांधलेली ती सुताराची दोरी. त्यांनी वैनींना हातानेच बाजूला सरायला सांगितलं, चौकटीच्या वरच्या कोपऱ्याशी दोरी धरली आणि खाली सोडली.

लोळी डुलली, डुलली आणि थांबली. दोरी वर चौकटीला चिकटलेली होती. खाली उंबऱ्याशी तिच्यात आणि हिरव्या रंगात दोन बोटांचं अंतर होतं.

“चाळीस वर्षांपूर्वी ही चौकट मीच बसवली,” दाजी म्हणाले. “तेव्हा दोरा आणि लाकूड यांच्यातून कागद गेला नसता.”

त्यांनी दोरी तशीच धरून ठेवली.

“दसऱ्यापासून तेवीस दारं तासली. लाकूड फुगलं तर चहूकडून फुगतं. ही तेवीसच्या तेवीस एकाच कोपऱ्यात अडकली. वरचा कोपरा, खाली नदीच्या अंगाचा, उताराकडचा.” लोळी हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने त्यांनी मनगट धरलं होतं. “पहिल्याच दाराला कळलं मला. तरी बावीस तासली. तुम्ही म्हणालात फुगलंय, मी म्हटलं फुगलंय.”

“मग हेच फोनवर सांगा, दाजी,” मी म्हटलं.

ते खाली बघायला लागले. “माझ्या थोरल्यानं गेल्या वर्षीच स्लॅब टाकलाय, बाय. त्याच्यादेखत माझ्या तोंडानं…” आणि बाकीचं त्यांनी गिळलं. थोरला तिथेच खांबाला टेकून उभा होता. तोही खालीच बघत होता.

तात्या घसा खाकरले. “दोन दिवस थांबू. पाऊस कसा पडतो ते बघू.”

“बघू,” आणखी कुणीतरी म्हणालं. आणि मला दिसलं की तिथे, त्या भर दुपारी, अख्खं गाव स्वतःच्या हाताने उचललं जातंय आणि ‘इतर’मध्ये ठेवलं जातंय. त्यात माझा हातसुद्धा नव्हता. मी नुसती शिकाऊ होते. शिकवणारे हे सगळे होते.

वैनी खाली वाकल्या. दोरी आणि चौकट यांच्यामधल्या फटीत त्यांनी एक बोट घातलं. मग दुसरं. दोन्ही बसली. बोटांना हिरवा रंग लागला, अजून नीट सुकला नव्हता तो. त्या तशाच उठल्या, पदराला बोटं पुसली आणि फोन हातात घेतला.

“कुठं बोलायचं यात?”

“बोला तुम्ही. चालू आहे.”

“वैनी, रविवार आहे,” मागच्या माणसांत उभा असलेला निखिल हळूच म्हणाला. तो आईला पहिल्यापासून वैनीच म्हणतो, घरात सगळे म्हणतात म्हणून.

“ठाऊक आहे मला रविवार,” त्या म्हणाल्या. मग फोन तोंडाजवळ धरून, कुणी बहिरं पलीकडे बसलंय अशा चढ्या आवाजात बोलायला लागल्या. “मी इंदुमती कृष्णा पाष्टे. निरगुडवाडी, वरची आळी. माझ्या घराचं दार उघडत नाही. गावातली तेवीस दारं उघडत नाहीत. ती पावसानं फुगलेली नाहीत, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.”

पडवीतल्या एकेकाकडे त्यांनी बघितलं, शेवटी माझ्याकडे.

“डोंगर खाली येतोय,” त्या म्हणाल्या. “उद्याच्या उद्या गाड्या धाडा. आणि या वेळी नऊ दिवसांनी आम्हाला आणून सोडू नका. हे गाव आता राहायचं राहिलं नाही.”